सुजलेल्या पायाचा दिवस

आमच्या परसातल्या विहिरीला लागून एक पसरट काळा दगड होता. दिवेलागणीच्या आधी आजी त्यावर पाय धुवायला बसायची. डाव्या पायाला दोन तांबे पुरायचे, उजव्याला अख्खी बादली लागायची. गुडघ्याखाली तो पाय खांबासारखा सरळसोट होता. घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळत नसे, आणि पावलावर कातडीची एक जाड वळी बसलेली असे. म्हातारपणी माणसाचा एक पाय असाच होतो, अशी माझी लहानपणी समजूत होती, कारण आमच्या गल्लीत अशा पायाच्या आणखी दोघी होत्या.

भंडारा जिल्ह्यातला तो धानपट्टा. तिच्या वयाच्या साऱ्या बायका लुगड्याला काष्टा घालायच्या. आजीनं पाय सुजल्यावर काष्टा सोडला आणि ती गोल नेसू लागली, कारण काष्ट्यात पोटरी उघडी राहते. लुगड्याचा काठ पावलावर लोळला, मळला, फाटला तरी तिला चालायचा. सणावाराला कुणी पाया पडायला वाकलं की ती दोन्ही पाय झर्रकन लुगड्याखाली ओढून घ्यायची आणि म्हणायची, "लांबूनच कर, माय." मी नमस्कार केलेला आठवतो तो तिच्या लुगड्याच्या काठाला. तिच्या पायाला माझं डोकं कधी लागलं नाही.

या पुस्तकाचा विषय पायांचा लिम्फेडेमा, म्हणजे लसीका साचून आलेली कायमची सूज, हा आहे. त्याची कारणं, उपचार, मलमपट्टी हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईल. पण हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते त्या ओढून घेतलेल्या पायांमुळे, आणि म्हणून सुरुवात तिथूनच करते आहे.

पुढे मी फिजिओथेरपी शिकले. पाय मोजायची रीत शिकले. घोट्यापासून वर दर चार सेंटिमीटरवर खूण करायची, प्रत्येक खुणेवर फीत गुंडाळायची, आकडे सूत्रात घालायचे की पायाचं घनफळ मिळतं. दोन पायांच्या घनफळातला फरक म्हणजे सूज. हा आकडा उपयोगाचा आहे, यात शंका नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेव्हा पाच लिटरचा फरक असलेली बाई पायाला पाच किलोची पिशवी बांधून उठते, झाडते, पाणी भरते. ती पिशवी तिला क्षणभरही खाली ठेवता येत नाही. हे गणित मी नातेवाइकांना नेहमी सांगते, कारण "आळशी झालीय" हा शब्द त्यानंतर घरात पुन्हा ऐकू येत नाही, असा माझा अनुभव आहे.

कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी सेंटिमीटरच्या मागे होते. एका बाईंच्या पोटरीचा घेर तीन सेंटिमीटरनं उतरला, तेव्हा मी फीत त्यांच्यापुढे धरून मोठ्या आनंदानं आकडा वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, पण संडासले बसता येत नाही मले अजून." मला काही उत्तर देता आलं नाही. त्यांच्या घरी बैठकीचं शौचालय होतं. गुडघ्यामागची सूज आणि ताठ झालेला घोटा यांमुळे त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं. रोज पहाटे त्या भिंतीला धरून अर्ध्या उभ्यानं ते सगळं उरकत होत्या, आणि दिवसभर पाणी कमी पीत होत्या, पुन्हा जावं लागू नये म्हणून. माझ्या तक्त्यात यातल्या कशालाही रकाना नव्हता. मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर मी विचारायला लागले. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, आणि काय करायचं टाळलंत? प्रश्न एवढाच. त्याची उत्तरं गेली अनेक वर्षं मी वहीत लिहून ठेवते आहे. हे पुस्तक त्या वह्यांतून निघालं आहे.

आधी थोडं शरीराविषयी सांगायला हवं. रक्त धमन्यांतून पायापर्यंत उतरतं आणि शिरांतून वर परततं, हे शाळेत शिकवतात. तिसऱ्या वाटेविषयी फारसं कुणी बोलत नाही. केशवाहिन्यांतून पाझरलेलं काही पाणी आणि त्याबरोबरची प्रथिनं पेशींच्या मधल्या जागेत उरतात. ती गोळा करून पुन्हा रक्तात सोडणं हे लसीकावाहिन्यांचं काम. सगळ्या शरीराचा हा हिशेब जुनी पाठ्यपुस्तकं दिवसाला दोन ते चार लिटर असा देतात. या वाहिन्यांच्या मागे हृदयासारखा पंप नाही. त्या स्वतः थोड्याथोड्या वेळानं आकुंचन पावतात, आतल्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत, आणि चालताना पोटरीचे स्नायू त्यांना बाहेरून पिळतात. वाहिन्या निकामी झाल्या की प्रथिनांनी भरलेलं पाणी पायातच राहतं. सुरुवातीला बोटानं दाबलं तर खड्डा पडतो आणि रात्रभर पाय उंचावर ठेवला तर सकाळी सूज उतरलेली दिसते. याच काळात बहुतेक माणसं "उतरतंय की" म्हणून थांबतात. पुढे आत तंतू आणि चरबी वाढते, कातडी जाड होते, खड्डा पडेनासा होतो, वळ्या पडतात. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहावी. चिमटीत येत नसेल, तर हा आजार असण्याची दाट शक्यता असते. ही खूण स्टेमर यांनी १९७६ साली नोंदवली. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आशाताईंना ती एका मिनिटात शिकवता येते.

वाहिन्या निकामी होण्याची कारणं अनेक. काहींच्या जन्मतःच त्या अपुऱ्या असतात आणि ऐन तारुण्यात पाय सुजू लागतो. गर्भाशयमुखाच्या किंवा जननेंद्रियांच्या कर्करोगात जांघेतल्या नाहीतर ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी काढाव्या लागतात, त्यावर किरणोपचार होतात, आणि कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी पाय भरू लागतो. कर्करोगातून सुखरूप बाहेर आलेल्या बाईला तेव्हा आजार उलटला असं वाटतं आणि ती धास्तावते. शस्त्रक्रियेच्या वेळीच या सुजेविषयी चार वाक्यं सांगितली गेली, तर ही धास्ती टळेल. ती सांगितली गेली पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

पण आमच्या भागात सर्वांत मोठं कारण हत्तीरोग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हे जिल्हे त्याचे जुने मुक्काम. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा धाग्यासारखा जंत लसीकावाहिन्यांत घर करून वर्षानुवर्षं राहतो, त्यांना फुगवतो, त्यांच्या झडपा निकामी करतो. गटाराच्या, डबक्याच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. सुश्रुतसंहितेत या आजाराचं नाव श्लीपद, शिळेसारखा झालेला पाय. साचलेल्या जुन्या पाण्याच्या प्रदेशांशी त्याचं नातं आपल्या वैद्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. माणसाच्या रक्तात या जंताची पिलं पहिल्यांदा पाहिली टिमथी लुईस यांनी, १८७२ साली कलकत्त्यात. ती डासाच्या पोटात वाढतात, हे १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवलं. पिलं रक्तात येतात रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं रक्ताचे नमुने घ्यायला गावात रात्री येत. झोपेतून उठवून बोटाला सुई टोचणाऱ्या त्या माणसांना आम्ही पोरं घाबरायचो.

देशात राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून वर्षातून एकदा साऱ्या गावाला गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली, पुढे तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, आणि तिच्या पहिल्या काही जिल्ह्यांत नागपूर होता. आता २०२७ पर्यंत हत्तीरोग हटवायचं लक्ष्य आहे. या मोहिमेविषयी मला मनापासून आदर आहे. उन्हातान्हात घरोघर जाऊन समोर गोळ्या गिळायला लावणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या पिढीचे पाय वाचवले आहेत. गोळ्या घ्याच, असं मी प्रत्येकाला सांगते. पण गोळ्या वाटायला आलेल्या मुलीला ज्यांचा पाय आधीच सुजलेला आहे ती माणसं एकच प्रश्न विचारतात: यानं माझा पाय बारीक होईल का? होत नाही. गोळ्या रक्तातली पिलं मारतात, प्रसार थांबवतात. बिघडलेली वाहिनी त्या दुरुस्त करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं हत्तीरोगाच्या कार्यक्रमाचे दोन खांब मानले आहेत, एक प्रसार थांबवण्याचा आणि दुसरा आधीच आजारी असलेल्यांची निगा राखण्याचा. हत्तीरोगामुळे हातपाय सुजलेल्या माणसांचा जगभरचा आकडा तीच संघटना दीड कोटीच्या वर सांगते. पहिल्या खांबाचा हिशेब गोळ्यांत करता येतो. दुसऱ्याचा कशात करायचा?

या प्रश्नाच्या उत्तराकडे जायची वाट मला चिखल्यांतून दिसते.

धानाच्या रोवणीत हात घातलेल्या प्रत्येक माणसाला चिखल्या माहीत आहेत. आषाढात बांधीतल्या गुडघाभर चिखलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भिजते, फाटते, खाजते, चिरते. निरोगी पायाला चिखल्या म्हणजे आठ दिवसांचा त्रास. रात्री तेलहळद लावायची आणि पाणी संपलं की त्या जातात. सुजलेल्या पायाला चिखल्या म्हणजे उघडं दार. त्या चिरेतून जिवाणू आत जातात, आतल्या साचलेल्या पाण्यात त्यांना रान मोकळं मिळतं, आणि एखाद्या दुपारी अचानक हुडहुडी भरते. दात वाजतात, ताप चढतो, पाय लाल होऊन तापलेल्या तव्यासारखा लागतो, जांघेत अवधान येतं. चार दिवस, आठ दिवस माणूस अंथरुणावर. ताप उतरतो, पण पाय पूर्वीपेक्षा थोडा अधिक जाड होऊन बसतो. वर्षातून असे तीन-चार झटके आले की पाचसात वर्षांत खांब तयार होतो.

हे झटके जंतामुळेच येतात, असं फार काळ मानलं जाई. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात जेरुसा द्रेयर या डॉक्टर बाईंनी रुग्णांच्या बोटांच्या बेचक्या वाकून पाहिल्या. झटक्यांमागे बहुतेक वेळा कातडीतल्या फटींतून शिरलेले जिवाणू असतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं. त्या फटी बंद ठेवल्या तर झटके कमी होतात. त्यासाठी लागतं साबण, स्वच्छ पाणी, मऊ फडकं, बुरशीचं मलम. त्यांनी रुग्णांचे गट बांधले, आशेचे क्लब म्हणून ते ओळखले जातात. तिथे रुग्णच एकमेकांना पाय धुवायला शिकवत. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून हत्तीपायाच्या रुग्णाला टब, मग, टॉवेल, साबण आणि मलमाचा संच मिळतो, त्याचं मूळ या विचारात आहे. तो संच कोनाड्यात धूळ खात पडलेला मी पाहिला आहे, आणि त्याच टबात धान्य पाखडून ठेवलेलंही पाहिलं आहे. दोष त्या बाईचा नव्हता. बेचक्या कोरड्या का करायच्या, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि कुणी सांगितलं असतं तरी तिचा हात पावलापर्यंत पोहोचत नव्हता. पाय धुवायला वाकावं लागतं, बसावं लागतं. आजारानं तेच तर हिरावलेलं असतं. घरातल्या दुसऱ्या कुणी रोज दहा मिनिटं तो पाय हातात घ्यायला हवा. तो घेतला जातो की नाही, यावर पुढचं सारं अवलंबून आहे.

आता त्या वह्यांकडे येते.

सकाळ. अंथरुणातून उठताना आधी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवायचा. चप्पल घालायची, तर एका पायाला सहा नंबर लागतो आणि दुसऱ्याला नऊ. म्हणजे दोन जोड विकत घेऊन दोन चपला टाकून द्यायच्या, नाहीतर अनवाणी फिरायचं. अनवाणी फिरलं की काटा, ठेच, पुन्हा फट, पुन्हा ताप. पाणी आणायला हातपंपावर जायचं, तर हंडा डोक्यावर असताना सुजलेला पाय कुठे पडतो ते दिसत नाही. चुलीपुढे बसायचं, तर मांडी घालता येत नाही. पाय पुढे पसरून बसलं की सासरे येताजाता पाहतात. एकीनं सांगितलं, "मी उभ्यानंच भाकरी थापते, ओट्यावर. शेजारणी म्हणतात, आमची बाई शहरातली झाली." दुसरीनं पंगतीत जेवायला जाणं सोडलं होतं. लग्नात जेवण टाळायचं म्हणून ती दरवेळी उपास सांगायची. गावातल्या बायकांना वाटे, ही फार व्रतस्थ आहे.

रोवणीचा हंगाम हा आमच्याकडे बाईच्या हाती रोख पैसा येण्याचा काळ. आठ-दहा जणींची टोळी ठेक्यानं काम घेते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन सगळ्या रांगेनं वाकतात आणि मागे मागे सरकत रोवत जातात. रांगेत एक जण मागे पडली की रांग तुटते. टोळीतल्या बायका निर्दय नसतात, पहिल्या वर्षी त्या सांभाळून घेतात, दुसऱ्या वर्षी बोलवायचं राहून जातं. चिखलात जाऊ नका, असं मी दवाखान्यात सांगते तेव्हा मी प्रत्यक्षात काय सांगत असते? वर्षाची कमाई सोडा, एवढंच. हे कळल्यापासून मी ते वाक्य तसं उच्चारत नाही. त्याऐवजी आम्ही हिशेब मांडतो: पेंढ्या बांधायचं काम मिळेल का, बांधीतून बाहेर आल्या आल्या पाय धुवून पुसायला धुऱ्यावर कोरडं फडकं आणि बाटलीभर पाणी ठेवता येईल का, रात्री मलम कोण लावेल. झटका आला तर बुडणारे आठ दिवस या हिशेबात धरले की बायका स्वतःच ठरवतात. त्यांचं ठरवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं.

पुरुषांच्या वह्या वेगळ्या. सायकलीच्या पॅडलवर पाऊल मावत नाही. गाडीच्या गिअरमध्ये पाय अडतो. पँट शिवून घेताना शिंपी एक पाय दुप्पट रुंद कापतो, म्हणून कायम लेंगा. पुष्कळांना पायाबरोबर अंडवृद्धीही असते, आणि तिच्याविषयी ते बायकोशीही बोललेले नसतात. या पुस्तकात तिच्यावर वेगळं प्रकरण आहे, कारण ती शस्त्रक्रियेनं बरी होते आणि हे पुष्कळांना ठाऊक नाही.

हिवाळ्यात झाडीपट्टीत नाटकं लागतात. रात्र रात्र मंडपात जमिनीवर बसून लोक पाहतात. एका सत्तरीच्या आजोबांना मी विचारलं, पायामुळे काय सुटलं? शेत मुलं पाहत होती, जेवण सून ताटात आणून देत होती. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाटक." मंडपात पाय लांब केला तर पुढच्याच्या पाठीला लागतो.

आयुष्याची गुणवत्ता मोजण्यासाठी वैद्यकात प्रश्नावल्या आहेत. कार्डिफ इथे १९९४ साली झालेली त्वचारोगांसाठीची दहा प्रश्नांची सूची हत्तीरोगाच्या अभ्यासांतही वापरली गेली. लिम्फेडेमासाठी खास तयार झालेली लिमक्वॉल ही इंग्लंडमधली, २०१० ची. पायांच्या सुजेसाठीची आणखी एक बेल्जियममधल्या ल्युव्हेनची. मी या वापरते. सूज फक्त इंचांत मोजणाऱ्या वैद्यकाला त्यांनी माणसाचं म्हणणं ऐकायला लावलं, ही मोठी गोष्ट आहे. पण कार्डिफच्या सूचीत खेळाविषयी प्रश्न आहे, घर आणि बाग सांभाळण्याविषयी आहे. उकिडवं बसण्याविषयी असायचं कारण नव्हतं, तिथे कुणी बसत नाही. आमच्या बाईला खेळाचा प्रश्न विचारला की ती "लागू नाही" असं सांगते, आणि तिचा गुण कमी येतो, म्हणजे कागदावर तिचं आयुष्य बरं दिसतं! मांडी घालणं, पंगतीला बसणं, जोडवी घालणं, देवळात अनवाणी जाणं, एसटीच्या उंच पायरीवर चढणं, पाया पडू देणं. आमच्या प्रश्नावलीत हे यायला हवं. पुस्तकाच्या शेवटी जो तक्ता दिला आहे तो मी वह्यांतून तयार केला आहे. तो शास्त्रीय कसोट्यांवर तपासला जायचा आहे. सहकाऱ्यांनी तो वापरून, मोडून, सुधारून घ्यावा.

मोजमापाचा हा आग्रह मी का धरते, तर मोजलं गेल्याशिवाय मिळत काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत. लिम्फेडेमाचं नाव त्यात वेगळं नाही. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. ज्या बाईचे सांधे शाबूत आहेत, स्नायूंत ताकद आहे, पण जी दिवसात दोन तासांपलीकडे उभी राहू शकत नाही आणि खाली बसू शकत नाही, तिचे टक्के किती? तपासणीच्या टेबलावर ती पाय वाकवून दाखवते आणि दाखल्याविना घरी येते. टेबलावरच्या पाच मिनिटांत दिवस दिसत नाही.

मनाविषयी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा इथे थोडंच. २०१५ साली काही अभ्यासकांनी हत्तीरोगातल्या नैराश्याचा भार मांडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या अंदाजात तो शारीरिक भाराच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मला नवल वाटलं नाही. हा आजार पिढीजात नाही, एकत्र जेवल्यानं, शिवल्यानं, एका खाटेवर झोपल्यानं लागत नाही. तरीही आईचा पाय पाहून मुलीचं स्थळ परत गेल्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. एका आईनं मुलीच्या लग्नात मांडवाच्या मागे, स्वयंपाकाच्या जागी दिवस काढला. फोटोत ती कुठेच नाही. मुलगी आता तिला दर महिन्याला माझ्याकडे घेऊन येते आणि आईचा पाय स्वतः धुते.

उपचाराविषयी खोटी आशा मला कुणाला द्यायची नाही. पाय जुना झाला की पूर्ववत होत नाही. सूक्ष्म शस्त्रक्रिया आहेत, लसीकावाहिनी शिरेला जोडणं किंवा दुसरीकडची ग्रंथी आणून लावणं. त्या मोठ्या शहरांत, निवडक रुग्णांसाठी. बाकीच्यांसाठी आहे रोजची निगा: धुणं, कोरडं करणं, मलम, व्यायाम, पाय उंचावर ठेवणं, आणि दाबपट्टी. दाबपट्टीचं मोल मोठं आहे. पाय सतत सुजलेला आणि त्यात वारंवार जिवाणूसंसर्ग होणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास ऑस्ट्रेलियात कॅनबरा इथे झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दाबमोजे वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. फरक इतका होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवून साऱ्यांना मोजे दिले गेले. पण ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पायाला चार थर पट्ट्या बांधून राहणं काय असतं, ते बांधणाऱ्यानं एक दिवस स्वतः बांधून पाहावं. मी पाहिलं आहे, आणि दुपारी दोनला सोडलं आहे. मोजे साधारण सहा महिन्यांत ढिले पडतात, नवे घ्यावे लागतात, बेडौल पायाला मापानं शिवून घ्यावे लागतात, आणि त्यांची किंमत मजुरीच्या कैक दिवसांएवढी असते. केरळात कासरगोड इथल्या त्वचाविज्ञान संस्थेनं आधुनिक उपचार, आयुर्वेद आणि योग यांची सांगड घालून स्थानिक हवामानाला आणि खिशाला झेपेल अशी निगा उभी केली आहे. विदर्भाला अशी जागा हवी आहे.

आणि एक काकुळतीची विनंती. बिब्बा घालू नका, डाग देऊ नका, पाणी काढायला म्हणून ब्लेडनं चिरे देऊ नका, पायात घट्ट काळा दोरा बांधू नका. या प्रत्येकानं पाय बिघडलेला मी पाहिला आहे. आजीच्या पोटरीवरही डागाच्या दोन गोल खुणा होत्या.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. घरात रुग्ण असेल तर दुसरं आणि चौथं प्रकरण आधी वाचावं, आशाताईंनी तिसरं. डॉक्टर मंडळींनी शेवटचा तक्ता पाहावा. पहिलं प्रकरण मात्र साऱ्यांसाठी आहे आणि ते छोटं आहे, बोटांच्या बेचक्यांविषयी. ते वाचताना जवळ टबभर साधं पाणी, साबण आणि जुन्या सुती लुगड्याचं मऊ फडकं ठेवावं. ज्यांचा पाय आहे त्यांना खुर्चीवर बसवावं, आणि वाचणाऱ्यानं खाली बसावं.